तरसांच्या कुळात आईचाच वारसा

तरस म्हटले, की दुसऱ्याच्या शिकारीवर डल्ला मारणारा भेकड प्राणी डोळ्यांसमोर उभा राहतो. महाराष्ट्रातील माळरानांवर आढळणारा पट्टेरी तरस बहुधा एकटादुकटा वावरतो आणि मेलेल्या जनावरांवर बरीच गुजराण करतो. आफ्रिकेतील त्याचा भाऊबंद असलेल्या ठिपकेदार तरसाची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे.

हान्स क्रूक या डच शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात टांझानियातील सेरेंगेटी व गोरोंगोरो येथे रात्री जागून या तरसांचा मागोवा घेतला. ते आपले बहुतांश अन्न स्वतः शिकार करून मिळवतात, असे त्यांना आढळले. गोरोंगोरोत तर तरसांनी मारलेले सावज अनेकदा सिंहच बळकावत. सकाळी पाहणाऱ्याला मांस खाणारा सिंह आणि भोवती ताटकळणारे तरस दिसत. साहजिकच चोरीचा आळ तरसांवर येई.

ठिपकेदार तरस कुळ करून राहतात. काही कुळांत ८०हून अधिक सदस्य असतात. मात्र, हे सारे सतत एकत्र फिरत नाहीत. दिवसभरात ते लहान लहान गटांत विभागतात आणि पुन्हा भेटतात. रात्री काही किलोमीटर ऐकू जाणाऱ्या हाळीवरून ते परस्परांना ओळखतात. झेब्य्रासारख्या मोठ्या सावजासाठी, सिंहांना हुसकावण्यासाठी किंवा शेजारच्या कुळापासून हद्द राखण्यासाठी मात्र ते एकवटतात. ज्या आवाजाला आपण 'हसणे' म्हणतो, तो बहुधा हाकलल्या जाणाऱ्या, माघार घेणाऱ्या तरसाचा असतो.

या कुळात सत्ता माद्यांची असते. मादी नरापेक्षा थोडी मोठी असते खरी. पण सत्तेचे मूळ केवळ अंगबळात नाही. गोरोंगोरोतील कुळांच्या अभ्यासावर आधारलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, दोन तरसांच्या संघर्षात ज्याच्या पाठीशी अधिक पाठीराखे उभे राहू शकतात, त्याचीच सरशी होते. पिल्लाला आईच्या लगतखालचा दर्जा मिळतो. बहिणींमध्ये साधारणपणे धाकटी वरचढ ठरते, कारण भांडणात आई तिचीच बाजू घेते. त्यामुळे वरच्या घराण्यातील लहानगे पिल्लूही एखाद्या धिप्पाड तरसाला शिकारीवरून बाजूला सारू शकते.

नरांची वाट वेगळी. वयात आल्यावर बहुतेक नर जन्माचे कूळ सोडून दुसऱ्या कुळात जातात. तेथे त्यांना तळाची जागा मिळते. वरचे नर मेले किंवा निघून गेले, तरच ते पुढे सरकतात. सरकारी कचेरीतील सेवाज्येष्ठतेसारखाच हा प्रकार. शिवाय, तरुण माद्या आपल्या जन्मानंतर कुळात आलेल्या अथवा जन्मलेल्या नरांना पसंती देतात, असे २००७मध्ये गोरोंगोरोतील अभ्यासातून स्पष्ट झाले. साहजिकच बाप आणि मुलीचा संबंध टळतो.

या उतरंडीची खरी किंमत पिल्लांना मोजावी लागते. कुळाची पिल्ले एकाच सामायिक बिळात वाढतात. पण प्रत्येक आई सहसा आपल्याच पिल्लांना दूध पाजते, तेही वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ. वरच्या दर्जाच्या मादीला शिकारीतील वाटा आधी मिळतो आणि तिची पिल्ले लवकर वाढतात. खालच्या मादीला उरलेसुरले मिळते, प्रसंगी अन्नासाठी दूरवर भटकावे लागते आणि तोवर तिची पिल्ले बिळात उपाशी राहतात. दूध तुटण्यापूर्वीच आई दगावली, तर पिल्लू सहसा जगत नाही.

केनियातील मसाई मारा येथे १९८८पासून के होलकॅम्प यांच्या पुढाकाराने तरसांचा अभ्यास सुरू झाला. तेथील २७ वर्षांच्या नोंदींचे विश्लेषण २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून दिसले, की पिल्लाला आईकडून दर्जाबरोबर तिचा गोतावळाही मिळतो. आईचे ज्यांच्याशी जवळचे संबंध, त्यांच्याशीच पिल्लाचेही जुळतात. हे साम्य वरच्या घराण्यांत अधिक ठळक असते आणि ज्यांचा गोतावळा आईशी जुळतो, ती माय-लेकरे अधिक काळ जगतात. तरसाचे आयुष्य किती आणि कसे असेल, याचा बराचसा निवाडा अशा रीतीने त्याच्या जन्मावेळीच झालेला असतो.