अनुस्वार पडू नये म्हणून

गॅदरिंग, टेक फेस्ट किंवा एखाद्या नव्या इमारतीचं उद्घाटन जवळ आलं की कुणीतरी उत्साहानं म्हणतंच, "नाव पत्र्यात कापून घेऊ या, प्लाझ्मावर!" मग एक जण मोबाइलमधलं चित्र घेऊन कटिंगवाल्याकडे जातो आणि दोन वाक्यं ऐकून परत येतो. पहिलं, "जेपीजी चालत नाही, डीएक्सएफ आणा." दुसरं, "आणि मराठीत नको, अक्षरं पडतात. इंग्लिशमध्ये करा." पहिलं वाक्य शंभर टक्के खरं. दुसरं मला बिलकुल मान्य नाही. थर्ड इयरपासून मी वर्कशॉपसाठी अशा फायली तयार करतोय, आणि माझं मत असं झालंय की पत्रा कापायला देवनागरी रोमनपेक्षा सोयीची आहे. फक्त फाईल नीट हवी.

आधी मशीनबद्दल थोडं. प्लाझ्मा टॉर्चमध्ये विजेचा आर्क एका बारीक नोझलमधून दाबून बाहेर काढतात. त्यातला वायू (आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साधी कॉम्प्रेसरची हवा) सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, पत्रा वितळतो आणि तोच झोत वितळलेलं लोखंड खाली उडवून देतो. या तंत्राचं पेटंट अमेरिकेत १९५७ साली युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांना मिळालं. वीज वाहणारा धातूच यावर कापता येतो. एमएस, एसएस, ॲल्युमिनियम. अ‍ॅक्रिलिक आणि प्लायवूड घेऊन येणाऱ्यांनी कृपया लेसरवाल्याकडे जावं.

टॉर्चला चित्र दिसत नाही. त्याला कळतं एवढंच: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत सरळ जा, किंवा अमुक केंद्राभोवती कमानीत फिर. जी-कोडमधले जी०१, जी०२, जी०३ सीएनसीच्या प्रॅक्टिकलला घोकलेत ना, तेच. जेपीजीमध्ये मात्र रेषा नसतेच. तिथे असतात चौकोनी ठिपके, म्हणजे पिक्सेल, आणि प्रत्येकाचा रंग. आपल्या डोळ्याला त्यात रेषा दिसते, फाईलमध्ये ती नसते. म्हणून ऑटोकॅडमध्ये जेपीजी इन्सर्ट करून 'सेव्ह अ‍ॅज डीएक्सएफ' केलं तरी उपयोग शून्य. (फाईलच्या नावातलं शेवटचं जेपीजी खोडून डीएक्सएफ लिहिणारे महाभागही पाहिलेत, पण त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.) डीएक्सएफ हा ऑटोडेस्कनं १९८२ साली ऑटोकॅडबरोबरच आणलेला फॉरमॅट. त्यात रेषा, कमानी आणि त्यांचे को-ऑर्डिनेट्स अक्षरशः मजकुरासारखे लिहिलेले असतात. नोटपॅडमध्ये उघडून बघा, मजा येते.

ठिपक्यांमधून रेषा शोधून काढण्याला ट्रेसिंग म्हणतात. फुकटात करायचं तर इंकस्केप, पैसे मोजायचे तर कोरल ड्रॉ. इंकस्केपचं 'ट्रेस बिटमॅप' पीटर सेलिंजर या गणितज्ञानं लिहिलेला पोट्रेस नावाचा प्रोग्राम वापरतं. तो काळ्या आणि पांढऱ्या भागाची सीमा शोधतो आणि तिच्यावर बेझिए वक्र बसवतो. म्हणजे चित्र आधी निव्वळ काळं-पांढरं करायला हवं, करडं काही ठेवायचं नाही. आणि चित्र मोठं हवं. ६०० पिक्सेल रुंदीचा लोगो ६०० मिलिमीटर रुंदीत कापायचा म्हणजे एक पिक्सेल एक मिलिमीटरचा झाला. पायऱ्या दिसणारच. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या गणपतीच्या चित्रापेक्षा हातानं काळ्या स्केचपेनने काढून स्कॅन केलेला गणपती मी कधीही पसंत करीन.

इथे एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. स्केचपेनची रेषा ही तुमच्या दृष्टीनं एक रेषा, पण पोट्रेसच्या दृष्टीनं तो एक लांबट काळा प्रदेश, आणि त्याला दोन काठ. अर्ध्या मिलिमीटरची रेषा ट्रेस केली की अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर दोन समांतर रेषा मिळतात. प्लाझ्माचा स्वतःचा काप, म्हणजे कर्फ, पातळ पत्र्यातसुद्धा दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. टॉर्च दोनदा त्याच जागेवरून जाणार, दुसऱ्यांदा खाली धातूच नाही म्हटल्यावर आर्क अडखळणार. अशा चित्राला 'सेंटरलाइन' ट्रेस वापरायचा, नाहीतर चित्र ठसठशीत काळ्या आकारांत नव्यानं काढायचं.

ट्रेस झालं म्हणून काम झालं असं नाही, नोड मोजा. समजा अक्षरातला ६० मिलिमीटर व्यासाचा एक गोल आहे. परीघ साधारण १८८ मिलिमीटर. नीट काढला तर दोन कमानींत संपतो. खराब चित्रावरून ट्रेस होऊन अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे झाले तर पावणेचारशे रेषा. ताशी नव्हे, मिनिटाला ३ मीटर या वेगानं म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर. कंट्रोलरला सेकंदाला १०० वेळा दिशा बदलायची. तो बिचारा वेग कमी करतो, टॉर्च थरथरतो, उष्णता एका जागी साचते, काप रुंद होतो आणि खालच्या बाजूला ड्रॉसचा थर चिकटतो. मग वर्कशॉपचे मामा ग्राइंडर आपल्या हातात देतात आणि स्वतः चहाला जातात. 'सिम्प्लिफाय' ही कमांड याचसाठी आहे, पण जपून; दोन-तीनदा दाबलं की टोकदार कोपरे गोल होऊन बसतात. मी ती एकदाच वापरतो आणि बाकीचे नोड हातानं काढतो. कंटाळवाणं काम आहे, रात्री रूमवर गाणी लावून करावं.

आता 'अक्षरं पडतात' याकडे येऊ.

आपल्या हॉस्टेलचंच उदाहरण घ्या: 'मुलांचे वसतिगृह'. हे दोन प्रकारे कापता येतं. एकात पत्रा तसाच ठेवून अक्षरांच्या जागी भोकं पाडायची, म्हणजे स्टेन्सिलसारखं. दुसऱ्यात आजूबाजूचा पत्रा काढून टाकायचा आणि अक्षरं उभी ठेवायची. स्टेन्सिल प्रकारात 'व'चं पोट, 'स'च्या दांड्यांमधला चौकोन आणि 'ति'च्या वेलांटीखालची जागा ही बेटं आहेत. चारही बाजूंनी कापल्यावर ती खाली पडणारच. रोमनमध्येही 'ओ' आणि 'ए'चं तेच होतं, त्यात मराठीचा काही खास गुन्हा नाही. उपाय एकच, बेटाला बाहेरच्या पत्र्याशी जोडणारा पूल ठेवायचा. ३ मिलिमीटर पत्र्याला मी किमान ५ मिलिमीटर रुंदीचा पूल ठेवतो आणि शक्यतो खालून व वरून असे दोन, नाहीतर बेट उष्णतेनं वाकडं होतं.

उभ्या अक्षरांच्या प्रकारात मात्र देवनागरी बाजी मारते. इंग्रजीत 'हॉस्टेल' लिहिलं की सहा अक्षरांचे सहा सुटे तुकडे. ते ओळीत लावा, मागे पट्टी वेल्ड करा, एखादं तिरकं झालं की पुन्हा करा. 'वसतिगृह' मात्र एकच तुकडा, कारण शिरोरेखा! वर आडवी पट्टी तयारच आहे, तिला दोन टोकांना भोकं पाडली की बोर्ड भिंतीवर.

मग तरीही कटिंगवाल्याचा अनुभव वेगळा का? कारण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेखा असते आणि शेजारच्या अक्षरावर ती किंचित चढलेली असते. स्क्रीनवर सगळं काळं भरलेलं असल्यामुळे सांधा दिसत नाही. पण मजकूर कर्व्हमध्ये बदलला की 'व'ची आउटलाइन वेगळी, 'स'ची वेगळी. टॉर्च प्रत्येक आउटलाइन इमानेइतबारे कापतो, शिरोरेखा प्रत्येक सांध्यावर तुटते आणि अक्षरं पडतात. दोष लिपीचा नाही, एका न दिलेल्या कमांडचा आहे. इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' केल्यावर ग्रुप सोडवून 'युनियन', कोरलमध्ये 'वेल्ड'. नंतर आउटलाइन किंवा वायरफ्रेम व्ह्यूमध्ये बघायचं. शिरोरेखेत एकही उभी रेष दिसता कामा नये. 'गृ'चा ऋकार आणि 'मु'चा उकार दांड्याला खरंच चिकटलाय का, तेही तिथेच झूम करून पाहा; काही फॉन्टांत केसभर फट असते.

युनियन करूनही एक गोष्ट सुटीच राहते: अनुस्वार. तो शिरोरेखेच्या वर हवेत तरंगतो. कापल्यावर तो पाण्याच्या टाकीत गेला की आपल्या फाटकावर 'मुलाचे वसतिगृह' लागेल. एकाच मुलाचं! बाकीच्यांनी मेसचं बिल का भरावं, असा प्रश्न कुणी विचारला तर रेक्टर सरांकडे उत्तर नसेल. म्हणून अनुस्वार थोडा खाली ओढून शिरोरेखेत रुतवायचा किंवा त्याला ४-५ मिलिमीटरची मान काढायची. दिसायला पहिला प्रकार बरा. रफार आणि मात्रा बहुधा जोडलेल्या असतात, चंद्रबिंदू आणि विसर्ग मात्र असेच तपासावेत. स्टेन्सिलमध्ये उलटा प्रकार: तिथे अनुस्वार नुसतं भोक आहे, पण फार लहान नको. साध्या एअर प्लाझ्मावर पत्र्याच्या जाडीच्या दुपटीपेक्षा लहान भोक स्वच्छ येत नाही.

कर्फ विसरू नका. ६ मिलिमीटर जाडीची मात्रा काढली आणि टॉर्चचं केंद्र नेमकं रेषेवरून गेलं तर दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण जाऊन साडेचारच उरते. कॅम सॉफ्टवेअर टॉर्च अर्ध्या कर्फनं बाजूला सरकवतं, पण त्यासाठी प्रत्येक आकार बंद हवा. कुठे सुटं टोक राहिलं तर आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे त्याला कळत नाही. आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. बाहेरची कड घड्याळाच्या दिशेनं, भोकं उलट. हवा टॉर्चमध्ये गरगरत येते, त्यामुळे पुढे जाताना उजव्या हाताची कड सरळ आणि डावीकडची तिरकी येते. सरळ कड जॉबला, तिरकी भंगाराला. छेदायची सुरुवातही भंगाराच्या बाजूला, कारण पहिलं भोक नेहमी ओबडधोबड असतं.

मापाचा घोटाळा शेवटी होतो. इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल. त्याआधी ९० होते. जुनी फाईल त्यामुळे लहान निघू शकते. आणि डीएक्सएफ उघडल्यावर बोर्ड २५.४ पट मोठा किंवा लहान दिसला तर घाबरू नका, कुणीतरी इंच आणि मिलिमीटरची अदलाबदल केलीय.

पत्रा लावण्याआधी मी फाईलची कागदावर प्रिंट काढतो आणि ब्लेडनं प्रत्येक रेषेवरून कापतो. कागदात जे पडतं ते पत्र्यातही पडतं. ही प्रिंट कटिंगवाल्याकडेही सोबत न्या. त्यावर एकूण लांबी-उंची मिलिमीटरमध्ये, पत्र्याची जाडी आणि जो भाग काढायचा त्यावर पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या असू द्या. 'मराठीत नको' असं तो म्हणालाच, तर कागदाचा कापलेला 'वसतिगृह' शिरोरेखेला धरून त्याच्यासमोर उचलून दाखवा.