चाकांवरच्या घराचा विजेचा जमाखर्च

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुमच्या घराला चाके लावली आणि ते एखाद्या धरणाच्या काठी नेऊन उभे केले, तर रात्री दिवे कशावर लागतील? पंखा कशावर फिरेल? तिथे ना विजेचा खांब, ना मीटर. जी काही वीज हवी ती बरोबर बांधून न्यायची.

ही कल्पना आता कल्पना राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या आपल्याकडेही रस्त्यावर दिसू लागल्या. खरे तर आपल्याला हे अगदीच नवे नाही. आळंदी-देहूहून पंढरपूरला निघालेल्या दिंड्यांबरोबर तंबू, शिधा आणि भांडीकुंडी घेऊन जाणारे ट्रक तुम्ही पाहिले असतील. फरक इतकाच, की कॅराव्हॅनमध्ये माणसाला पंखा लागतो, फ्रीज लागतो आणि मोबाइल तर लागतोच लागतो.

आमच्या शेजारच्या कुटुंबाने अशी एक गाडी घेतली. पहिला मुक्काम ठरला पवना धरणाच्या काठी, तुंग आणि तिकोना किल्ल्यांच्या परिसरात. आजींना मधुमेह आहे. त्यांच्या इन्शुलिनच्या जादा कुप्या थंड ठेवाव्या लागतात, म्हणून एक छोटा फ्रीजही गाडीत ठेवला होता. दुपारी चारला मंडळी पोहोचली. पहाटे तीनच्या सुमारास गाडीतला इन्व्हर्टर पीं-पीं करून ओरडला आणि सगळे बंद पडले. थंडीचे दिवस होते आणि पहाट झालीच होती, म्हणून औषध वाचले.

परत आल्यावर त्या घरातली नववीतली मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, “काका, बॅटरी नवी होती, काठोकाठ भरलेली होती. तिच्यावर १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास असं लिहिलंय. मग एक रात्रसुद्धा का नाही निघाली? बाबा म्हणतात, आता दुप्पट मोठी बॅटरी घेऊ.”

मी म्हटले, “बॅटरी नंतर घेऊ. आधी वही आण.”

बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी

पुष्कळांना वाटते, बॅटरी वीज ‘तयार’ करते. ती फक्त साठवते. गच्चीवरच्या टाकीसारखी. टाकीत जितके पाणी चढवले, त्याहून थोडे कमीच नळातून मिळते. तेव्हा पहिला प्रश्न असा, की टाकीत मावते किती?

व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की ऊर्जा वॅट-तासांत मिळते. १२ × १०० = १,२०० वॅट-तास. घरच्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. म्हणजे दोन माणसांनी मिळून उचलावी लागणारी ती सुमारे तीस किलोची बॅटरी जेमतेम सव्वा युनिट वीज साठवत होती!

आता त्या रात्रीचा खर्च मांडू. पंखा घरातलाच, ५५ वॅटचा. तो सहा तास चालला, म्हणजे ३३० वॅट-तास. फ्रीज मध्ये मध्ये चालू-बंद होत असतो, त्याची सरासरी ३० वॅट धरली तर अकरा तासांचे ३३०. नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास, म्हणजे ९०. मोबाइल वगैरे ६०. एकूण ८१० वॅट-तास.

“पण काका, हे तर १,२०० पेक्षा कमीच आहे!” मुलगी म्हणाली.

बरोबर. पण मधला दलाल विसरलात. पंखा, फ्रीज, दिवे ही सारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज खातात आणि बॅटरी देते १२ व्होल्टची एकदिश वीज. रूपांतर इन्व्हर्टर करतो आणि त्याबद्दल आपली दस्तुरी घेतो. उपकरणे छोटी असली तर काही वीज त्याच्या स्वतःच्या चालू राहण्यातच जाते. एकूण पाचवा हिस्सा गेला असे धरा. म्हणजे बॅटरीतून निघाले ८१० ÷ ०.८, सुमारे १,०१० वॅट-तास. शिवाय बॅटरीवरचे १०० अँपिअर-तास हे सावकाश, वीस तासांत रिकामी केली तरचे असतात. त्याहून घाईने वीज ओढली तर हाती कमी येते. आता पहाटे तीनचे कोडे सुटले ना?

शिशाची बॅटरी का रुसते?

ही बॅटरी शिसे आणि आम्ल यांची होती. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये असा पुन्हा भरता येणारा घट प्रथम बनवला. त्यात एक पट्टी शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची आणि भोवती सौम्य सल्फ्यूरिक आम्ल. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. उलटा प्रवाह सोडून बॅटरी भरली की ते पुन्हा विरघळते.

पण बॅटरी फार खोलवर रिकामी केली आणि तशीच ठेवली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात. मग ते नीट विरघळत नाहीत आणि बॅटरीची धारणशक्ती कायमची घटते. म्हणून अशी बॅटरी टिकवायची असेल तर निम्मीच वापरावी असे म्हणतात. म्हणजे १,२०० पैकी आपले खरे ६०० वॅट-तास!

दुसरी जात लिथियम-लोह-फॉस्फेटची. हा पदार्थ बॅटरीसाठी उपयोगी पडतो हे दाखवणारा शोधनिबंध १९९७ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक होते अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि जॉन गुडइनफ. लिथियम-आयन बॅटरीवरील कार्यासाठी गुडइनफ यांना इतर दोघांबरोबर २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

या बॅटरीत लिथियमचे आयन एका अग्राकडून दुसऱ्याकडे ये-जा करतात. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे तापमान वाढले तरी तो सहजी सुटत नाही. म्हणून लिथियमच्या इतर काही प्रकारांपेक्षा ही बॅटरी आगीच्या दृष्टीने पुष्कळ सुरक्षित. ३.२ व्होल्टचे चार घट एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२८० वॅट-तास मावतात, आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे १,०२४, निर्धास्त वापरता येतात. वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी. किंमत मात्र जास्त.

आधी काटकसर, मग खरेदी

तरीही आम्ही लगेच दुकान गाठले नाही. चोवीस तासांचा पूर्ण हिशेब केला, तर जुन्या पद्धतीने सुमारे १,६५० वॅट-तास लागत होते. मग एकेक रकमेवर बोट ठेवले. थेट १२ व्होल्टवर चालणारा ३० वॅटचा पंखा घेतला: आठ तासांचे २४०. फ्रीजही १२ व्होल्टचा, वरून उघडणारा घेतला. थंड हवा जड असते. वरून झाकण उघडले तर ती सांडत नाही. त्याची सरासरी १५ वॅट, दिवसाचे ३६०. पाच वॅटचे दोन दिवे ५०, मोबाइल ६०, पाण्याचा पंप १५. बेरीज ७२५!

पाहा, नवी बॅटरी घेण्याआधीच खर्च निम्म्याहून खाली आला. दुप्पट मोठी शिशाची बॅटरी घेतली असती, तर साठ किलोचे ओझे वाहूनही खरे हाती आले असते १,२०० वॅट-तास, आणि खर्च मात्र १,६५० चा. ती दुसऱ्या दिवशीही रुसलीच असती.

१२ व्होल्टची भीती कशाला?

१२ व्होल्टने झटका बसत नाही, मग धोका कसला? इथेच मोठी माणसेही चुकतात. ६०० वॅटचा मिक्सर घरी २३० व्होल्टवर २.६ अँपिअर घेतो. तीच शक्ती १२ व्होल्टवर हवी असेल तर ५० अँपिअर लागतात! तारेतली उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात.

बॅटरीपासून इन्व्हर्टर तीन मीटरवर आहे असे धरा. जाऊन-येऊन तार सहा मीटर. छेद ४ चौरस मिलिमीटर असेल तर तांब्याच्या तारेचा रोध होतो सुमारे ०.०२५ ओहम. ५० अँपिअरला तारेतच सव्वा व्होल्ट खर्ची पडतो आणि ६० वॅटहून जास्त उष्णता निर्माण होते. गाडीच्या लाकडी कपाटामागे दडवलेली तार इतकी तापली तर काय होईल, ते सांगायला नको. छेद १६ चौरस मिलिमीटर केला की उष्णता एक चतुर्थांश होते. आणि तार आखूड केली तर आणखी कमी.

त्याहून मोठा धोका लघुपरिपथाचा. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध फार थोडा असतो, तो ०.००५ ओहम धरला, तर १२ ÷ ०.००५ = २,४०० अँपिअर. पाना चुकून दोन्ही अग्रांवर पडला तर तो लाल होऊन वितळू शकतो. म्हणून फ्यूज हवा, आणि तो धन अग्राच्या अगदी जवळ हवा. कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेचे रक्षण तो करू शकत नाही. काम करणाऱ्याने हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. मित्रांनो, हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनचेच. तुम्ही हिशेब करा. पाना त्याच्या हाती राहू द्या.

जमेची बाजू

खर्च झाला, आता जमा. छतावर २०० वॅटचा सौर पट बसवला. स्वच्छ दिवशी चार तासांच्या भर उन्हाइतकी ऊर्जा धरली तर ८००. उष्णता, धूळ आणि इतर तोटा वजा जाता ६०० वॅट-तास. पण हे हिवाळ्या-उन्हाळ्यातले. पावसाळ्यात मावळात ढग दिवसभर डोंगरावर बसतात, तेव्हा याच्या चौथ्या हिश्श्याचाही भरवसा धरू नये.

दुसरी जमा गाडीच्या इंजिनाकडून. त्याचा जनित्र या बॅटरीला थेट जोडला, तर ती इतका प्रवाह ओढते की जनित्र तापून बिघडू शकतो. म्हणून मध्ये प्रवाहाला लगाम घालणारा चार्जर लावला, २० अँपिअरचा. दोन तासांच्या प्रवासात सुमारे ५०० वॅट-तास भरतात.

आता दोन दिवसांच्या मुक्कामाचा ताळेबंद: खर्च १,४५०, बॅटरीत १,०२४ आणि मधल्या एका उन्हाच्या दिवसाचे ६००, मिळून १,६२४. शिल्लक १७४. थोडी, पण शिल्लकच. ढग आले तर फ्रीज चालू ठेवायचा आणि पंखा बंद करायचा, हेही वहीत आधीच लिहून ठेवले. आजींची औषधे पहिली, वारा नंतर.

पुढच्या मुक्कामाहून आल्यावर मुलगी धावत आली. “काका, निघताना अजून वीज उरली होती!” मला बॅटरीपेक्षा तिच्या वहीचे कौतुक जास्त वाटले.

तुम्ही करून पाहा

कॅराव्हॅन नसली तरी हा हिशेब तुम्हाला घरी करता येईल. घराच्या वीजमीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा तो ३,२०० आहे. म्हणजे एक लुकलुक १,००० ÷ ३,२००, सुमारे ०.३१ वॅट-तास. मोठ्यांना विचारून घरातले बाकी सारे बंद करा आणि एकच पंखा चालू ठेवा. मीटरला हात न लावता, दुरून, दहा मिनिटांतल्या लुकलुकी मोजा. चाळीस भरल्या तर पंखा ७५ वॅटचा. मग टीव्ही, फ्रीज, दिवे एकेक करून मोजा आणि तक्ता बनवा.

तुमच्या घराची एक रात्र त्या १,०२४ वॅट-तासांत निघेल का? निघणार नसेल, तर तुम्ही आधी काय बंद कराल आणि काय मुळीच बंद करणार नाही? उत्तर वहीत लिहा. ते प्रत्येक घराचे वेगळे असेल.