सहकारात ‘सह’ कोणाचा?

हल्ली व्यवस्थापनाच्या शिबिरांतून ‘समानुभूती’ हा शब्द फार ऐकू येतो. सहकाऱ्याच्या जागी उभे राहून त्याचे दुःख जाणा, संस्था सुरळीत चालेल, असे व्याख्याते सांगतात. बरोबरच आहे. पण हे व्याख्यान उसाच्या फडात द्यायला कोणी जात नाही.

बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. या पट्ट्याला सहकाराची पंढरी म्हणतात. या पंढरीचे खरे वारकरी गळीत हंगामात मराठवाड्यातून येतात आणि कोप्यांत राहतात. नवरा-बायको मिळून हिशेब ‘एक कोयता’. बाई पहाटे भाकरी थापून फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून ट्रॉली भरते. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या नावावर, तीही मुकादमाच्या हातून. पाळीच्या वेदनेने एक दिवस बसली की खाडा, म्हणजे दंड. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रिया विधिमंडळात गाजल्या, तेव्हा कुठे हा शब्द शहरी वाचकाच्या कानावर पडला.

संचालक निर्दयी असतात असे आमचे म्हणणे नाही. कोणी ब्लँकेटे वाटतो, कोणी साखरशाळेला मदत करतो. प्रश्न दयेचा नाहीच. गेटच्या आतल्या कामगाराचे वेतन त्रिपक्षीय समितीत ठरते; फडातला माणूस मुकादमाच्या हवाली! सहकार कायद्याने संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखली आहे. पण निवडणुकीला उभे राहायला सभासदत्व हवे, सभासदत्वाला ऊस हवा आणि उसाला जमीन. ज्यांना गावाने जमिनीपासूनच दूर ठेवले, त्यांनी ती आणायची कुठून?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना सरकार, मालक आणि मजूर यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदेला त्यांनी बळ दिले. मजुरासाठी त्यांनी कनवाळू मालक शोधला नाही, त्याला खुर्ची मिळवून दिली. बंधुतेचा हा अर्थ आमच्या साखरसम्राटांनी सोयीस्करपणे वगळला.

म्हणून मागणी साधी आहे. पुढच्या हंगामाचा करार ठरेल त्या बैठकीत टोळीतल्या दोन बायका बसू द्या. खाडा बंद करण्याचा ठराव त्याच मांडतील.