दिरंगाई : एका शब्दाची कुळकथा

आमच्या सरकारी शाळेच्या हिंदी कागदपत्रांत ‘विलंब’ हा शब्द नित्य येतो. घरी मात्र आम्ही ‘दिरंगाई’ म्हणतो. हा शब्द अस्सल मराठी वाटत असला, तरी त्याचे मूळ फार्सी ‘दिरंग’, म्हणजे उशीर, हे आहे. ‘चतुराई’, ‘महागाई’ यांतला ‘आई’ हा प्रत्यय जोडून मराठीने तो आपलासा केला. आमचे इंदरगंज ज्या लष्कर भागात आहे, त्याचे नावही फार्सीच. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी येथे स्थिरावली आणि छावणीवाचक शब्दच शहराचे नाव झाला.

दिरंगाईला मराठीत भावंडे पुष्कळ. ‘टाळाटाळ’ करणाऱ्याला काम करायचेच नसते. ‘चालढकल’ करणारा ते आजवरून उद्यावर लोटतो. ‘दीर्घसूत्री’ हा संस्कृत शब्द तर स्वभावच सांगतो : ज्याचा धागा संपतच नाही असा. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत तो आला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची कथा आहे. तळ्याचे पाणी काढू लागलेले पाहून एक मासा वेळीच निघून जातो, दुसरा ऐन वेळी युक्तीने सुटतो. तिसरा मारला जातो. त्याचे नाव दीर्घसूत्र.

हे सारे आम्ही वर्गात शिकवीत आलो. तरीही शेजारच्या काकांनी मोडी लिपीतले एक जुने पत्र आणून दिले आणि “मास्तर, सवड झाली की एवढे वाचून सांगा,” म्हटले, तेव्हा “येत्या रविवारी नक्की,” असे उत्तर देऊन आम्ही ते कपाटात ठेवले. मग कधी परीक्षा आल्या, कधी पाहुणे. असे आठ महिने गेले, आणि एका पहाटे काकाही गेले.

तेराव्यानंतर आम्ही घडी उलगडली. वाचायला पाव तासही लागला नाही. काकांच्या पणजोबांना त्यांच्या थोरल्या भावाने उज्जैनहून लिहिले होते : मातोश्रींस बरे नाही, पत्र पावताच निघणे, दिरंग न करणे.

पणजोबा वेळेवर पोहोचले की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. काकांच्या मुलीने पत्र शांतपणे ऐकले. मग एवढेच म्हणाली, “बाबा अधूनमधून विचारायचे, आज रविवार ना गं?”

वाचकहो, आपल्या घरी मोडीतले असे कागद असतील, तर अवश्य घेऊन यावे. रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो. कागद ठेवून घेणार नाही. समोर बसवूनच वाचून दाखवू.