टीव्हीची मागची बाजू

सकाळी ७

रात्री वळीव कोसळला, विजा कडाडल्या, की दुसऱ्या दिवशी डेअरीवरची गर्दी ओसरायच्या आत कोडोलीत माझा फोन वाजायला लागतो. मे संपत आलाय, मृगाला थोडा अवकाश आहे. टीव्ही जोडणाऱ्या माणसासाठी वर्षातला सर्वांत घाईचा काळ हाच. "टीव्ही चालू हाय, पण नो सिग्नल म्हणतोय." बहुतेक फोन याच वाक्यानं सुरू होतात. मी सगळ्यांना एकच सांगतो: टीव्ही जरा पुढं ओढा आणि मागच्या बाजूचा फोटो पाठवा.

टीव्ही घेताना लोक समोरून बघतात. किती इंची, चित्र किती झळझळीत, एवढंच. मला त्याची पाठ बघायची असते. एचडीएमआय किती, त्यातल्या कुठल्यावर एआरसी लिहिलंय, ऑप्टिकलचं चौकोनी भोक आहे का, इअरफोनची जागा आहे का, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना थेट लागतात की मध्ये छोटा जॅक लागतो? एवढं दिसलं की निम्मं काम चहा पितापिताच उरकतं. मग पिशवी भरायची. मीटर, पक्कड, खात्रीची एक एचडीएमआय केबल, एव्ही पिना, डिशच्या केबलचे कनेक्टर, ऑप्टिकलचा कन्व्हर्टर, आणि पांढरी चिकटपट्टी व मार्कर. शेवटच्या दोन वस्तूंशिवाय मी कुणाच्या घरी जात नाही.

सकाळी ८.३०

काखे. स्लॅबवर डिशची छत्री, खाली सेटटॉप बॉक्स, भिंतीवर नवा टीव्ही. घरातल्यांनी नवा बॉक्स मागवायची तयारी केली होती. मी आधी बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला, लगेच चित्र आलं. म्हणजे छत्री, केबल, बॉक्स सगळं ठीक. मग माझी एचडीएमआय केबल टीव्हीच्या पहिल्या पोर्टला लावली: काही नाही. दुसऱ्या पोर्टला: चित्र आलं. पहिला पोर्ट रात्री गेला होता.

वीज घरावर पडायची गरज नसते. जवळपास कुठं पडली तरी छत्रीपासून आलेल्या केबलमध्ये झटका उमटतो आणि बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेनं टीव्हीत शिरतो. टीव्ही रिमोटनं बंद केला म्हणजे सुरक्षित झाला, असं लोक धरून चालतात. प्लग भिंतीत आणि केबल बॉक्सला असेल, तर टीव्ही जोडलेलाच असतो.

पोर्ट जाण्याचं दुसरं कारण रोजचं आहे. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या बॉक्सच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. आतल्या वीजपुरवठ्यातला थोडा प्रवाह छोट्या कपॅसिटरमधून पत्र्यावर येतो, अर्थिंग नसल्यानं त्याला जायला जागा राहत नाही. माणसाला त्यानं सहसा काही होत नाही, पण चालू टीव्हीत केबल खुपसताना तोच प्रवाह एखाद्या नाजूक पिनेतून गेला की पोर्ट संपला. म्हणून दोन्ही यंत्रांचे प्लग आधी काढायचे, केबल लावायची, मग बटण दाबायचं. घरातल्या पोराकडून हे मी एकदा करवून घेतलं. बघण्यापेक्षा हातानं केलेलं लक्षात राहतं.

सकाळी १०

वारणानगर. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक तात्या. मुलानं दिवाळीत मोठा टीव्ही दिला, पण आवाज पटत नाही. तक्रार खरी आहे. जुन्या खोक्यासारख्या टीव्हीत स्पीकरला जागा होती, तोंड समोर होतं. आताच्या पातळ टीव्हीत बोटभर स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून बसवलेले असतात, आवाज भिंतीशी बोलतो. दुकानदारानं साउंडबार सुचवला होता. तात्यांचं म्हणणं, "माझा अ‍ॅम्प्लिफायर हाय की. त्याला काय धाड भरलीय?"

अ‍ॅम्प्लिफायर बघून मला आनंद झाला. जोडून घेतलेला, आत सान्योची ४४४० नंबरची आयसी. मुळात गाडीतल्या टेपसाठी बनलेली ही आयसी बारा व्होल्टच्या आसपास चालते, दोन बाजूंना मिळून बारा-एक वॅट आवाज देते. गावोगावच्या कारागिरांनी तिच्यावर किती अ‍ॅम्प्लिफायर उभे केले असतील! सोबत लाकडी खोक्यातले दोन स्पीकर, जाळी थोडी फाटलेली, कोन शाबूत. असलं सामान भंगारात घालणं मला पाप वाटतं.

आधी सोपा रस्ता. टीव्हीच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला दिली. या जोडणीत टीव्हीच्या रिमोटनंच आवाज कमीजास्त होतो, म्हणून घरात वयस्कर माणसं असली की मी हीच आधी करून बघतो. पण इथं मागं घुंईऽऽ असा सूर लागला. टीव्हीला छतावरची केबल, अ‍ॅम्प्लिफायरला वेगळं अर्थिंग. दोघांमधल्या वायरवर विजेची गुणगुण चढली होती. छतावरची केबल काढली की सूर थांबायचा.

मग ऑप्टिकल. या केबलमधून आवाज प्रकाशाच्या रूपात जातो. तोशिबानं १९८३ साली ही पद्धत आणली. तांब्याचा संबंधच नसल्यानं गुणगुण एका यंत्रातून दुसऱ्यात जायला वाट मिळत नाही. पुढं छोटा कन्व्हर्टर, त्यातून लाल-पांढऱ्या पिना अ‍ॅम्प्लिफायरला. इथं लोक एका जागी हमखास अडकतात. सगळं लावूनही आवाज येत नाही, किंवा नुसती खरखर येते, आणि कन्व्हर्टर खराब म्हणून परत जातो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउट 'ऑटो' किंवा 'डॉल्बी'वर असतो. साध्या कन्व्हर्टरला ती भाषा कळत नाही. तो 'पीसीएम'वर ठेवला की आवाज मोकळा होतो.

तात्यांनी जुनी नाट्यगीतं लावली आणि डोळे मिटले. ऑप्टिकलमधून आवाज सहसा ठरावीक पातळीवरच बाहेर येतो, तो आता अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंटीवर कमीजास्त करायचा. चिकटपट्टीवर 'आवाज इथे' असं लिहून खुंटीशेजारी लावलं, आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सेटिंगमधून बंद केले.

याच परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला होता. वारणेच्या सहकारी संस्था आणि केंद्र सरकार यांनी मिळून सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उभी केली. शेतकऱ्याला उसाची माहिती गावातच मिळावी, हा त्यातला एक हेतू. तात्या त्याबद्दल अभिमानानं बोलतात. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या केंद्रांवर बटणं दाबायला शिकवलेला माणूस होता. घरातल्या टीव्हीपुढं तसा कुणी बसवलेला नसतो. म्हणून जोडणी करून निघून जाणाऱ्या कारागिराचं काम मी अर्धवट मानतो.

दुपारी १२

दुकान. गिऱ्हाइकाला दहा मीटरची एचडीएमआय हवी, सोन्याचा मुलामा असलेली. मुलाम्यानं गंज लागत नाही, चित्र सुधारत नाही. हा सिग्नल आकड्यांचा आहे. पोचला तर पूर्ण पोचतो, कमी पडला तर ठिपके चमकतात, चित्र जातं-येतं. साध्या फुल एचडीला दहा मीटरची चांगली केबल चालून जाते. फोर-के चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवायचं तर १८ गिगाबिटचा वेग लागतो, तिथं साधी लांब तांब्याची केबल दम तोडते. बॉक्स टीव्हीजवळ आणून दोन मीटरची घ्या, असं सांगितलं. विक्री कमी झाली, पण गिऱ्हाईक आठवड्यानं भांडायला येणार नाही.

दुपारी २

आजचं सर्वांत नाजूक काम. पोखल्याहून एक जोडपं व्हीसीआर आणि लग्नाची कॅसेट घेऊन आलं. जेव्हीसीनं व्हीएचएस १९७६ मध्ये आणलं. फुनाई या जपानी कंपनीनं २०१६ च्या जुलैत शेवटचे व्हीसीआर बनवले. आता जे आहेत ते जपायचे.

कॅसेट आधी उजेडात धरून बघितली. आपल्याकडच्या पावसाळी हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट यंत्रात घातली तर टेप जाते, हेडही जातं. ही स्वच्छ होती. ती पूर्ण पुढं आणि पुन्हा मागं गुंडाळून घेतली. वर्षानुवर्षं एका जागी बसलेली टेप त्यानं मोकळी होते.

त्यांच्या घरच्या टीव्हीला एव्हीची तीन भोकं नाहीत, एक छोटा जॅक आहे. त्यासाठी बाजारातून आणलेली वायर त्यांनी लावून बघितली होती: चित्र नाही, स्पीकरमधून भर्र आवाज. जॅक दिसायला सारखे असले तरी त्यावरच्या कड्यांचा क्रम प्रत्येक बनावटीत वेगळा. एकात चित्र मधल्या कड्यावर, दुसऱ्यात बुडाशी. दुकानातल्या टीव्हीलाही तसाच जॅक आहे. मी व्हीसीआरमधली पिवळी पिन काढून त्या जागी लाल लावली, आणि पडद्यावर मांडव उभा राहिला. रंगावर न जाता एकेक पिन बदलून बघायची. यात काही जळत नाही. मात्र जॅकवरची अर्थिंगची कडीच वेगळ्या जागी असेल तर अदलाबदलीनं भागत नाही, वायर दुसरी आणावी लागते.

चित्र आलं पण माणसं आडवी फुगलेली. कॅसेटचं चित्र चारास तीन, टीव्ही सोळास नऊ. सेटिंगमध्ये ४:३ केलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि नवरी पुन्हा सडपातळ झाली. त्या बाई पडद्याजवळ सरकल्या. "ह्ये माझं वडील," एवढंच बोलल्या. वडिलांचा चालता-बोलता असा त्यांच्याकडं तेवढाच ऐवज. मग कॅप्चरचं यंत्र लावून सबंध कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. ती चालू ठेवून, दुकानातल्या पोराला बसवून, मी बाहेर पडलो.

संध्याकाळी ५

कोडोलीतच, जुन्या पेठेकडचं घर. आजोबांना ऐकू कमी येतं. काकींनी दारातच गाऱ्हाणं मांडलं, "त्यास्नी ऐकू येईना म्हणून आवाज वाढवायचा, आन् मग पोरांचा अभ्यास हुईना. रोज संध्याकाळी घरात भांडणं."

नातवानं ब्लूटूथ हेडफोन आणला होता. आजोबांना तो डोक्यावर सहन होईना, शिवाय ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. ब्लूटूथमध्ये आवाज बांधून पाठवायला आणि सोडवायला वेळ लागतो, तेवढा तो मागं पडतो.

मग मी त्यांच्या केबलच्या बॉक्सकडं वळलो. केबलचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०१७ च्या मार्चअखेर खेड्यांतूनही बंद झालं आणि केबल असलेल्या घराघरांत सेटटॉप बॉक्स आला. या बॉक्समधली एक सोय फार कमी लोक वापरतात. पुष्कळ बॉक्समध्ये एचडीएमआय चालू असतानाच लाल-पांढऱ्या पिनांमधूनही आवाज बाहेर येतो. तिथून लांब वायर काढली, भिंतीच्या कडेनं खिळे मारत आजोबांच्या खाटेपर्यंत नेली आणि उशाशी छोटा स्पीकर ठेवला. त्याच्या आवाजाची खुंटी आजोबांच्या हाताशी. बॉक्सचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला, आणि टीव्हीचा टीव्हीच्या रिमोटनं हळू केला. दोन्ही आवाज किंचित मागंपुढं येत होते. टीव्ही 'गेम मोड'वर टाकल्यावर तेही जुळलं.

आजोबांनी खुंटी फिरवली. बातमीदार त्यांच्या कानाशी बोलू लागला. आतल्या खोलीत नातीचं पाठांतर सुरूच राहिलं. नवी वस्तू म्हणून लागला तो एक स्पीकर आणि वायर. मोठ्या शोरूममध्ये हे कुणी सुचवत नाही, कारण यात विकण्यासारखं फारसं काही नाही.

रात्री ८

मालिका आणि सामन्यांची वेळ, फोन सारखे. बहिरेवाडीतल्या एकानं साउंडबार स्वतःच जोडलाय, आवाज नाही. फोटो मागवला. केबल एचडीएमआय २ मध्ये, एआरसी १ वर. टीव्हीतून आवाज उलट दिशेनं साउंडबारकडं पाठवायची ही सोय २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीबरोबर आली, पण ती बहुधा एकाच पोर्टला असते. प्लग काढून केबल बदलायला सांगितली, सेटिंगमध्ये सीईसी नावाचा पर्याय चालू करायला लावला. "आला, आला!"

दुसऱ्या फोनवर शेजारच्या गल्लीतल्या मावशी. मुलगा पुण्याला, सून माहेरी, टीव्हीवर नुसता निळा पडदा. गेल्या खेपेला मी रिमोटच्या सोर्स बटणावर लाल ठिपका आणि टीव्हीच्या कडेला 'केबल – १, मोबाइल – २' अशी पट्टी लावून आलो होतो.

"मावशी, लाल ठिपका दाबा. आता पट्टीवर बघा, केबल कितीवर?"

"एकवर. थांब हं. आली की रं मालिका! मलाच जमलं बघ."

वाचणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. नवा टीव्ही घ्यायला जाताना घरातल्या जुन्या यंत्रांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा आणि दुकानात टीव्ही फिरवून त्याची पाठ बघा. घरचा स्पीकर, व्हीसीआर, अ‍ॅम्प्लिफायर त्याला कसा जोडायचा, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि ढग गडगडायला लागले की टीव्हीचा प्लग, बॉक्सचा प्लग आणि छतावरून आलेली केबल, तिन्ही काढून ठेवा. मृग जवळ आलाय.