कॉलेज सुटते तेव्हाच परतीची सोय हवी

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून यावे लागले. निघण्याआधी मात्र त्यांनी चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, मित्राकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२०मध्ये ते परत गेले. १९२१मध्ये एम.एस्सी., १९२३मध्ये डी.एस्सी. त्यांच्या जिद्दीविषयी आपण नेहमी बोलतो. त्या परवानगीविषयीही बोलायला हवे, कारण तिच्यावाचून जिद्दीला दार कुठले मिळाले असते?

शहापूर-मुरबाडच्या मधल्या किन्हवली पट्ट्यातला विद्यार्थी कॉलेज सोडतो तेव्हा अशी परवानगी कोणी मागत नाही आणि कोणी देऊही करत नाही. दिवाळी उलटली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. कुणी भिवंडीच्या गोदामात लागतो, कुणी मुरबाडच्या एमआयडीसीत. कुणा मुलीचे लग्न ठरते. आधी हजेरी तुटते, मग परीक्षा चुकते आणि शेवटी नाव गळतीत मोजले जाते. चार वर्षांनी परत यावेसे वाटले तर गॅपचे प्रतिज्ञापत्र करा, बदललेल्या अभ्यासक्रमाशी जुने पेपर जुळवा, म्हणजे रोजंदारी बुडवून खेटे घाला.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून लागू झालेल्या नव्या रचनेत यावर उपाय आहे. एका वर्षाची किमान ४० क्रेडिट मिळवून थांबणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत यायचे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. मिळवलेली क्रेडिट अकॅडेमिक बँकेत जमा राहतात. पण प्रमाणपत्रासाठी आणखी ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते, आणि यूजीसीच्या आराखड्यात त्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी धरली आहे. नेमक्या त्याच महिन्यांत इथली भट्टी पेटलेली असते. ज्याच्यासाठी नियम केला त्यालाच तो पाळता येत नाही! गोदामातले काम इंटर्नशिप म्हणून धरण्याची वाट कॉलेजांनी शोधलीच पाहिजे.

अशा सवलतीने मुले जास्तच कॉलेज सोडतील, असा आक्षेप घेतला जातो. पोटासाठी जाणारा प्रमाणपत्र नसले तरी जातोच. पूर्वी तो रिकाम्या हाताने जात होता. मुलींच्या बाबतीत मात्र आक्षेपात तथ्य आहे. एक कागद मिळाला, आता पुरे, असे घरचे म्हणू शकतात. म्हणून त्या कागदाबरोबरच परतीची शेवटची तारीख लेखी द्यावी, घरच्यांना समजावून सांगावी आणि मुदत सरण्याआधी कॉलेजने फोन करावा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. तरीही प्रयोगशाळेची गरज असलेल्या, किंवा घरात पुस्तक उघडायला जागा नसलेल्या मुलाला वर्गच लागतो. छोट्या कॉलेजवर कामाचा बोजा वाढेल हे खरे. पण पहिल्या वर्षाची यादी आणि एक जबाबदार शिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. ती लगेच व्हायला हवी, कारण २०२४मध्ये प्रवेश घेतलेल्यांची सात वर्षे २०३१मध्ये संपतात, आणि पहिल्या वर्षानंतर २०२५मध्ये थांबलेल्यांची परतीची मुदत २०२८मध्येच.