रद्दीत घालण्याआधी बघा : जुन्या क्रिकेट मॅचचे कागद कसे ओळखायचे, कसे जपायचे

दसरा-दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली येतात. सातबारा, खरेदीखत बाजूला निघतं आणि बाकीचं किलोवर रद्दीत जातं. त्यात एखाद्या जुन्या क्रिकेट मॅचचं पुस्तकही असू शकतं. असे कागद हौसेने जमवणारे लोक आहेत, त्यामुळे रद्दीत घालण्याआधी ते उघडून बघायला हवं.

हे कागद साधारण तीन प्रकारचे असतात. मॅचच्या आधी छापतात ती कार्यक्रमपत्रिका. तिच्यात संघांची यादी, फोटो आणि जाहिराती असतात. ती आधीच छापलेली असल्याने तिच्यात नाव असलेला प्रत्येक जण खेळलाच, असं धरून चालत नाही. मैदानावर विकतात ते स्कोअरकार्ड. दौरा किंवा स्पर्धेनिमित्त काढतात ती स्मरणिका.

मोल कशाला असतं? डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथ यांनी ११८ धावा करून भारताचं पहिलं कसोटी शतक ठोकलं. अशा सामन्याच्या कागदाला मागणी असणारच. पण डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त ९ कमी असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही. अशा खेळाडूंचा माग रणजीच्या कागदांतच लागतो. तालुक्याच्या स्पर्धांचं तर त्याहून अवघड. तिथली स्मरणिका गेली की त्या वर्षी ढाल कोणी जिंकली हे सांगणारं काहीच उरत नाही.

साल छापलेलं नसेल तर किंमत बघावी. आण्यात असेल तर कागद बहुधा १९५७ च्या आधीचा. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा.

सही दिसली म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. पुष्कळ सह्या छापलेल्या असतात. भिंगातून बघितलं तर छापील सही ठिपक्यांची किंवा सगळीकडे एकसारखी दिसते. पेनाच्या सहीत शाई कुठे गडद तर कुठे फिकी असते. मुखपृष्ठ नवं आणि आतली पानं जुनी असतील तरी जपून राहावं.

कागद जपायला खर्च फार नाही, पण काही गोष्टी टाळायच्या. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा निघत नाही. फाटल्या जागी सेलोटेप नको, त्याचा डाग पडतो. गंजलेली टाचणी हळूच काढून टाकावी. उन्हात वाळवू नये, शाई उडते. अ‍ॅसिड-फ्री कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या कपाटात आडवं ठेवावं आणि पावसाळ्यानंतर कसर-वाळवी लागली का ते तपासावं.

कोणी पेन्सिलने स्कोअर भरला असेल तर तो खोडू नये, तोही पुरावाच आहे. वस्तू कोणाची आणि घरात कशी आली, हे वडीलधारे आहेत तोवर विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावं. विकायचं असेल तर आधी सगळ्या पानांचे फोटो काढून दोन-तीन ठिकाणी दर विचारावा. पहिल्याच भावाला हो म्हणायची घाई करू नये.